इमिजिएट जॉइनर

कंत्राटावर काम करणाऱ्या आयटीवाल्याकडून बाजाराची अपेक्षा अगदी साधी आहे. तो सोमवारी रुजू होणारा हवा, पण शुक्रवारी रिकामा सापडता कामा नये. हातात काम असेल तर ‘सर, क्लायंटला इतकं थांबता येणार नाही’, आणि काम नसेल तर ‘सर, मग हा गॅप कशाचा?’ या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत मी बरीच वर्षं राहतो आहे. पत्ता मात्र देवळाली कॅम्प, ४२२४०१ असा देतो. फटीला पिनकोड नसतो.

तसं बघितलं तर वाट बघायला देवळालीइतकं अनुभवी गाव सापडणार नाही. इंग्रजांच्या काळात नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी धाडण्याआधी इथल्या छावणीत आणून ठेवत. मुंबईहून बोटी सुटायच्या त्या थंडीच्या मोसमात. मोसम संपता संपता जो देवळालीला पोचला, त्याला उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढावा लागे. करायला काही नाही, हवेत धूळ, अंगात हिवताप. पुष्कळांची डोकी फिरली. त्यावरून इंग्रजीत एक शब्द तयार झाला. तो पाहुण्यांना सांगण्याचा मान गावातला प्रत्येकजण स्वतःकडे घेतो, म्हणून मी सोडून देतो. त्या शिपायांविषयी मला सहानुभूती आहे, पण बेताची. एक तर त्यांना वाट बघण्याचा पगार मिळत होता, वर शिधा. दुसरं म्हणजे बोट येणार हे नक्की होतं. ‘बोटीचं बजेट फ्रीझ झालंय, पुढच्या क्वार्टरला कळवू’ असं छावणीच्या कमांडरने त्यांना सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही.

मोठ्या कंपन्यांत हा शिपाई अजून आहे. काम नसलेल्या नोकरदाराला तिथे ‘बेंचवर’ म्हणतात. बेंचवरच्या माणसाचा पगार चालू असतो, कॅन्टीन चालू असतं, मेडिक्लेम चालू असतो. मला काम नसतं तेव्हा मी बेंचवर नसतो. मी घरी असतो.

आणि घरी असणं हा देवळाली ते नाशिकरोड पट्ट्यात चिंतेचा विषय आहे. इथे माणूस लष्करात असतो, नाहीतर रेल्वेत, नाहीतर प्रेसमध्ये. प्रेस म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. पासपोर्ट आणि मुद्रांक छापणारं एक मुद्रणालय १९२५ सालचं, नोटा छापणारं दुसरं १९२८ सालचं. आमच्या शेजारचे काका या दुसऱ्यातून निवृत्त झाले. उभा जन्म नोटांच्या सान्निध्यात काढलेल्या माणसाला पैसे ठरलेल्या तारखेला येत नाहीत हे समजावणं अवघड जातं.

‘काय रे, आज सुट्टी?’

‘नाही काका, काम शोधतोय.’

‘म्हणजे होतं ते सुटलं?’

‘सुटलं नाही, संपलं. कंत्राट होतं, मुदत पूर्ण झाली.’

‘म्हणजे काढलं,’ काकांनी निकाल दिला, आणि संध्याकाळच्या आत तो हौसन रोडपर्यंत पोचला.

‘तू घरीच आहेस ना’ या वाक्याने सुरू होणारी कामं देवळालीत कधीच संपत नाहीत. सिलिंडर घेऊन ठेवणं, कुणाच्या तरी मावशींना स्टेशनवर पंचवटी एक्सप्रेसला बसवून देणं, नळाला पाणी आलं की मोटार लावणं. नोव्हेंबर उजाडला की पेन्शनरांचे हयातीचे दाखले सुरू होतात. हे काम आता मोबाइलवर होतं, चेहरा दाखवला की झालं, आणि मी आयटीवाला असल्याने गल्लीतल्या समस्त निवृत्तांच्या जिवंतपणाची जबाबदारी माझ्यावर आहे. त्यांना वर्षातून एकदा हयाती सिद्ध केली की बारा महिने पेन्शन. मला दर सोमवारी मेल येतो, ‘आर यू स्टिल अव्हेलेबल?’ मी आहे असं कळवतो. त्यावर काहीच मिळत नाही, पुढच्या सोमवारी तोच मेल मात्र मिळतो.

आता फोनविषयी. फोन करणारी व्यक्ती बहुधा नोएडाहून किंवा हैदराबादहून बोलत असते, वय बावीस-तेवीस, आणि तिला दिवसाला ठराविक फोन करायचे असतात. माझा तिच्यावर राग नाही. राग धरावा इतका वेळ ती एका नोकरीत टिकत नाही. ‘सर, आपल्या प्रोफाइलला एकदम सूट होणारी रिक्वायरमेंट आहे.’ मी डेटाबेसची कामं करतो. रिक्वायरमेंट मोबाइल ॲपची असते. सूट होतो तो माझा फोन नंबर. क्वचित खरंच माझं काम असतं, तेव्हा अनुभवाची अट वाचावी. जे तंत्र बाजारात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली, त्याचा किमान आठ वर्षांचा अनुभव. मी एकदा नम्रपणे ही अडचण सांगितली. ‘सर, मग रिलेव्हंट एक्स्पीरियन्स पाच टाकू का?’ असं विचारून तिने माझ्या वतीने तडजोड केली.

मग एक तक्ता भरून द्यायचा. नाव, जन्मतारीख, पॅनचे शेवटचे आकडे, सध्याचं गाव, पसंतीचं गाव, बदलाचं कारण, हातात इतर ऑफर आहे का, आणि ‘करंट सीटीसी’. चालू पगारावर तीस टक्के वाढ, त्याहून जास्त देता येत नाही, हे त्यांचं पक्कं सूत्र आहे. काम नसताना माझा चालू पगार शून्य असतो. शून्याचे तीस टक्के त्यांच्या एक्सेलला काढता येतात, मला मान्य करता येत नाहीत. रकाना रिकामा ठेवला तर तक्ता परत येतो. गेल्या कामाचा दर लिहिला तर त्याची सॅलरी स्लिप मागतात. मी इन्व्हॉइस पाठवतो. ‘सर, हे तर बिल आहे,’ असं उत्तर येतं, जणू मी किराणामालाचं पाठवलंय.

एकाच कामासाठी एका दुपारी पाच ठिकाणांहून फोन येणं हा यातला सर्वांत मानाचा प्रसंग. पाचही जण सांगतात की हा क्लायंट फक्त आपल्याकडे आहे. क्लायंटचं नाव कुणी सांगत नाही, पण कामाचं वर्णन शब्दशः तेच, त्यातलं ‘मॅनेजमेंट’चं चुकलेलं स्पेलिंगसुद्धा तेच. पाचांपैकी एकालाच ‘मला तुमच्यातर्फे पाठवा’ असं लेखी द्यायचं. चुकून दोघांनी पाठवलं तर प्रोफाइल डुप्लिकेट म्हणून बाद. म्हणजे फार मागणी असल्यामुळे नापसंत होण्याची सोय या धंद्यात आहे.

यापेक्षा कांदा बरा. लासलगाव आमच्याच जिल्ह्यातलं. तिथे ट्रॉलीभोवती व्यापारी उभे राहतात, भाव मोठ्याने पुकारला जातो आणि माल पिकवणारा बाजूलाच उभा असतो. भाव पडला तर तो निदान स्वतःच्या कानांनी ऐकतो. २०१६ साली राज्य सरकारने शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, असंही ठरवलं. माझ्या बाबतीत असं काही ठरलेलं नाही. क्लायंट काम एका बड्या व्हेंडरला देतो, तो धाकट्याला, धाकटा आणखी एकाला, आणि त्याला पैसे देण्याची दगदग नको म्हणून तो फक्त पगारपत्रकापुरती चौथी कंपनी शोधतो. माझा भाव क्लायंटला काय सांगितलाय ते मला कळत नाही, माझ्या हातात काय पडतं ते क्लायंटला कळत नाही, आणि ते एकमेकांना सांगू नये असं कलम करारात असतं. कांद्याला लिलावाआधी ‘येत्या पाच वर्षांत तू स्वतःला कुठे बघतोस’ असं विचारत नाहीत, हा फायदा वेगळाच.

मुलाखत घरून होते, आणि इथे देवळालीची खरी अडचण सुरू होते. गावात तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि गावाबाहेर गोळीबाराची मैदानं. जानेवारीत ‘तोपची’ नावाचं मोठं प्रात्यक्षिकही होतं. ते बघायला पाहुणे येतात आणि टाळ्या वाजवतात. बाकीच्या वेळी सराव. मी ‘सिस्टिम डिझाइन’ समजावत असतो, आणि लांबून धडाम.

‘सर, वो आवाज कैसी है?’

‘तोफ.’

‘...सर?’

‘सराव चालू आहे. रोजचंच.’

मुलाखतीनंतर अभिप्राय आला, ‘कॅंडिडेटचं वातावरण स्थिर वाटलं नाही.’ माझ्या खोलीची काचसुद्धा हलली नव्हती.

या तोफांकडून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. लष्करी सरावाच्या गोळीबाराला १९३८ चा स्वतंत्र कायदा आहे. तोफ डागण्याआधी आसपासच्या गावांना आगाऊ सूचना द्यावी लागते, नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते. माझ्या करारांत दोन आठवड्यांची नोटीस लिहिलेली असते, ‘किंवा क्लायंटच्या मर्जीनुसार’ हे शब्द खाली बारीक टायपात असतात. एकदा मला करार संपल्याचं कळलं ते पासवर्ड चालेना तेव्हा. मी हेल्पडेस्कला तक्रार नोंदवली. त्यांनी ती ‘सुटली’ अशा शेऱ्यासह बंद केली.

अलीकडे मुलाखतीची पहिली फेरी यंत्र घेतं. पडद्यावर प्रश्न उमटतो, बाजूला सेकंद मोजले जातात, आणि आपण स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत उत्तर द्यायचं. डोळे इकडे-तिकडे फिरवले तर कॉपी करतोय असा संशय. आधी माणूस असायचा तेव्हा तो कंटाळलेला तरी दिसायचा, तेवढाच आधार वाटायचा. तोफ वाजल्यावर यंत्र काही विचारत नाही. ‘आपलं उत्तर नोंदवलं आहे’ एवढंच म्हणतं, म्हणजे धडाम हेही माझंच उत्तर म्हणून नोंदलं गेलं असणार.

पुढचा प्रश्न गावाचा. ‘सर, देवळाली पुण्यात कुठे येतं?’ पुण्यात येत नाही म्हटलं की शांतता. २०२०–२१ च्या दिवसांत हेच लोक ‘कुठूनही काम करा’ म्हणत होते. गंमत म्हणजे ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल सुटली ती देवळालीहूनच, थेट बिहारमधल्या दानापूरला. आम्ही आयटीवाले तेव्हा खिडकीत बसून काम करत होतो, आणि वाटत होतं की बाजार आता देवळालीपर्यंत आला. भाजीपाला दानापूरला गेला. आम्हाला पुढे ‘हायब्रिड’ म्हणून हिंजवडीला बोलावलं. हायब्रिडचा अर्थ आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात आणि दोन दिवस घरी, असा ते सांगतात. देवळालीहून जाणाऱ्याने त्यात प्रवासाचे दिवस आपले आपण शोधायचे. नाशिक–पुणे सरळ लोहमार्ग कागदावर होता, पण वाटेत खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आली. दूरच्या ताऱ्यांचं ऐकताना तिला जवळच्या गाडीची लुडबूड चालत नाही. ताऱ्यांचा हक्क आधीचा, हे मला मान्य आहे. ‘विलिंग टु रिलोकेट?’ या रकान्यात तेवढं लिहायला जागा नसते.

निवड झाली तरी काम सुरू होईल असं नाही. यंत्र, व्हेंडर, क्लायंट, क्लायंटचा साहेब अशा सगळ्या फेऱ्या पार पडल्यावर एक निरोप येतो, ‘सर, पोझिशन होल्डवर गेली.’ नाकारलं तर माणूस पुढच्या दाराशी जातो. होल्डवरच्या माणसाला दार सोडायची परवानगी नसते. याबाबत गावाकडे तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण गावच होल्डवर आहे. देशातल्या ५७ छावणी परिषदांच्या निवडणुका ३० एप्रिल २०२३ ला होणार असं जाहीर झालं. इच्छुकांनी हात जोडलेले फोटो काढून घेतले, आणि मार्चमध्ये निवडणुका रद्द झाल्या. छावण्यांचा नागरी भाग शेजारच्या पालिकांना जोडायचा आहे असं सांगतात. नगरसेवक व्हायला निघालेल्या त्या मंडळींनाही कुणीतरी ‘वुई विल कीप यू पोस्टेड’ म्हटलं असणार. ती मंडळी भेटली की आमचं चांगलं जमतं.

त्या गोऱ्या शिपायांना निदान मोसम होता. माझा मोसम कुठला हे शोधण्याचा मी प्रयत्न केला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतला क्लायंट सुट्टीवर असतो. जानेवारीत बजेट मंजूर व्हायचं असतं. फेब्रुवारीत ते झालेलं असतं पण ‘हेडकाउंट’ यायचा असतो. मार्चमध्ये भारतातली कंपनी वर्षअखेरीत गुंतते. एप्रिलमध्ये नवीन वर्षाचं नियोजन, मेमध्ये मॅनेजर कुटुंबासह हिमाचलात. जून ठीक असतो, पण जूनमध्ये क्वार्टर संपतं. पावसाळ्यात हालचाल होते असा माझा अनुभव आहे, आणि नेमकं तेव्हा देवळालीत झाड पडून वायर तुटते व मी ‘नेटवर्क इश्यू’ असलेला उमेदवार ठरतो. दसऱ्याला लोक सोनं लुटतात, त्या काळात एचआरही रजेवर असतात.

एका व्यावसायिक संकेतस्थळावर फोटोभोवती हिरवं कडं लावता येतं. मी कामासाठी उपलब्ध आहे, असा त्याचा अर्थ. मी लावलं. दोन विमा एजंट आले आणि एका जुन्या सहकाऱ्याने हळहळीचा निरोप पाठवला. जाणकारांनी सांगितलं की कड्यामुळे माणूस गरजू दिसतो आणि दर पडतो. काढून टाकलं. मग एकाने विचारलं, ‘अरे, तू उपलब्ध आहेस हे कळणार कसं?’ काका म्हणाले, ‘लग्नाळू मुलांचंही असंच असतं.’ काकांचा या विषयावरचा अभ्यास मी मागवलेला नव्हता.

पुढचं काम शोधण्याची घाई का, तर मागच्याचे पैसे आलेले नसतात. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, लेखी करार नसेल तर १५, असं २००६ चा कायदा सांगतो. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यालाही दात बसले: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा करून मिळत नाही. मी लगेच लहान उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली, प्रमाणपत्र छापून घेतलं. पुढच्याच व्हेंडरच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘उद्यम नोंदणी आहे का?’ मी अभिमानाने ‘हो’ लिहिलं. तिकडून फोन, ‘सर, नोंदणी नसलेला कुणी तुमच्या ओळखीत आहे का?’

परदेशातून थेट पैसे आले तर प्रश्न सुटेल म्हणावं, तर पैसे बँकेत अडकतात. प्रत्येक रकमेला ती कशासाठी आली याचा संकेतांक लागतो. सॉफ्टवेअर सल्ल्याचा पी०८०२. काउंटरवरच्या साहेबांनी माझ्याकडे, माझ्या चपलेकडे आणि डॉलरच्या आकड्याकडे पाहिलं. ‘भाऊ तिकडे असतो का?’ नाही म्हटलं. ‘मग बहीण?’ शेवटी त्यांनी घरखर्चासाठी नातेवाइकांनी पाठवलेल्या पैशांचा पी१३०१ टाकायची तयारी दाखवली, कारण ‘त्यात प्रश्न येत नाहीत.’ मी काम करून पैसे मिळवतो हे पटवायला मला तिथे क्लायंटच्या मुलाखतीपेक्षा जास्त तयारी लागली.

परवा मात्र काम मिळालं. तीन महिन्यांचं, ‘एक्स्टेंडेबल’, पूर्ण घरून. दर मी मागितला त्याच्या खाली आणि मी घाबरलो होतो त्याच्या वर. काकांना सांगितलं. ‘तीनच महिने? म्हणजे टेम्पररी,’ ते म्हणाले, आणि पेढा मात्र घेतला.

पहिल्याच संध्याकाळी ‘स्टँडअप’, म्हणजे टीमची छोटी बैठक, होती. क्लायंटकडचा साहेब पडद्यावर माझी ओळख करून देत होता, आणि मोबाइलवर हैदराबादचा नंबर. आवाज बंद करून मी फोन घेतला. ‘सर, अर्जंट रिक्वायरमेंट आहे, एकदम तुमच्यासाठीच. तीन महिने, एक्स्टेंडेबल, रिमोट.’ वर्णन मेलवर आलं. ‘मॅनेजमेंट’चं स्पेलिंग चुकलेलं. दर माझ्यापेक्षा दीडपट. मी म्हटलं, मी सध्या कामात आहे. तिच्या आवाजात प्रथमच आदर आला. ‘मग तर फारच छान, सर. क्लायंटला असेच लोक हवेत. सोमवारी जॉइन होता येईल? क्लायंट वाट बघतोय.’

क्लायंट पडद्यावर मला विचारत होता, तुम्ही म्यूटवर का आहात.